अंबाड्याची जाळी

दिवाळी चार दिवसांवर आली आणि आमच्या सौभाग्यवतींनी कपाटाचे खण उपसायला घेतले. काय हरवले म्हणून विचारले, तर उत्तर आले, "अंबाड्याची जाळी!" मराठीच्या प्राध्यापकाला कोटीचा मोह आवरत नाही. मी म्हणालो, "अगं, वीस वर्षांपूर्वीच मासा सापडला की! आता जाळं कशाला?" हिने माझ्याकडे नुसते पाहिले आणि पुढचा खण ओढला.

मी मुकाट्याने पुस्तकांकडे वळलो, आणि तिथेही वरमलोच. जाळी वीतभर, पण तिचा इतिहास केवढा! डेन्मार्कमध्ये बोरुम एस्होय येथे १८७१ साली ओकच्या लाकडाची एक शवपेटी निघाली. तीत ब्राँझयुगातली एक वयस्क बाई होती आणि तिची लोकरीच्या धाग्यांची केसांची जाळी. तीन हजारांहून अधिक वर्षे टिकलेली!

विसाव्या शतकाच्या आरंभी तर माणसांच्या केसांच्याच जाळ्या निघाल्या. चीनच्या शान्तुंग प्रांतातल्या बायका घरी बसून, गाठ गाठ मारीत त्या विणीत. चीफू बंदरातून त्या अमेरिकेला जात. पुढे १९२०च्या दशकात तिकडे आखूड केसांची टूम निघाली. केस कापले मडमांनी आणि पोटाला चिमटा बसला शान्तुंगच्या बायकांच्या!

दुसऱ्या महायुद्धात हीच जाळी जिवाची राखण झाली. कारखान्यात मोकळे केस यंत्रात अडकत. व्हेरोनिका लेक या नटीची डोळ्यावर झुलणारी बट तेव्हा पोरींच्या फार मनात भरलेली. ती बट मागे बांधा, म्हणजे पोरीही बांधतील, अशी विनंती अमेरिकन सरकारने तिला केली आणि १९४३ साली तिने ती मानली.

हे सारे हिला ऐकवावे म्हणून उठलो. ही आईच्या खोलीत होती. जाळी सापडली होती. औषधोपचारांत गेलेले आईचे केस आता कुठे बोटभर आले आहेत. त्यांचा अंबाडा कसला होणार! हिने बाजारातून आणलेला तयार अंबाडा आईच्या मानेवर टेकवला होता आणि वरून जाळी ओढून चारी बाजूंनी आकडे खोचीत होती.

"अभ्यंगाच्या दिवशी काढावा लागेल गं," आई म्हणाली.

"मग पुन्हा घालू की, आई."

आईला मागचे दिसेना. मी कोटी न करता दुसरा आरसा आणला आणि तिच्या पाठीशी धरून उभा राहिलो.