शंभराचा पाढा

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातला लॅपटॉप बंद होतो आणि ‘उद्या कुठे?’चे मेसेज सुरू होतात ना, बर्लिनमध्ये नेमकी तीच वेळ मला नकोशी व्हायची. वर्गातली पोरं ‘हॅपी वीकएंड’ म्हणत सटकायची आणि मी रूमवर येऊन मुगाची खिचडी लावायचे. कारण? शंभराचा पाढा!

युरो दिसला की आम्हा देशी स्टुडंट्सच्या डोक्यात आपोआप शंभरानं गुणाकार सुरू होतो. कॉफी साडेतीन युरो? अगं बाई, साडेतीनशे रुपये! त्यात व्हिसासाठी ‘ब्लॉक्ड अकाउंट’ नावाचं प्रकरण. मी आले तेव्हा वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो त्यात आधीच भरावे लागले. मग आपलेच पैसे दरमहा ९९२ युरो असे पॉकेटमनीसारखे आपल्याला मिळणार! माझे आले ते बाबांच्या पीएफमधून. त्यामुळे भटकायला जायचं म्हणजे थेट त्यांच्या खिशात हात घातल्यासारखं वाटायचं.

दोन महिने असेच काढले. मग एका रविवारी सकाळी चटणीसाठी मिक्सर लावला आणि खालच्या मजल्यावरच्या आजी दारात हजर! जर्मनीत रविवार म्हणजे शांततेचा दिवस. दुकानं बंद, ड्रिलिंग बंद आणि आता माझा मिक्सरही बंद. आजी रागावल्या खऱ्या, पण जाता जाता म्हणाल्या, “इतकं छान ऊन पडलंय आणि तू घरात? तुझ्याकडे सेमिस्टर तिकीट आहे ना?”

होतं की! फीबरोबरच पैसे कापले गेले होते. त्यावर शहरातल्या मेट्रो, बस, ट्राम तर चालतातच, पण देशभरातल्या साध्या रीजनल गाड्याही चालतात. आणि मी? घर ते कॉलेज, कॉलेज ते घर. पूर्ण थाळीचे पैसे भरून नुसती पोळी खाऊन उठावं, तसं!

त्याच दुपारी वानझेला गेले. तिथून एफ-१० नावाची बोट क्लाडोला जाते. वीस मिनिटांचा प्रवास, दोन्ही बाजूंना शिडाच्या होड्या आणि तिकीट तेच, बसचं! डब्यातली पोळीभाजी डेकवर बसून खाल्ली. खर्च शून्य. शून्याला शंभरानं गुणा की हवं तितकं.

मग चटकच लागली. टेम्पलहोफला गेले. १९४८-४९ मध्ये रशियन नाकेबंदीत अडकलेल्या पश्चिम बर्लिनला ज्या विमानतळांवरून अन्न आणि कोळसा पोचला, त्यातला हा एक. २००८ मध्ये तो बंद झाला आणि २०१० पासून लोकांसाठी खुला आहे. धावपट्टीवर सायकली, स्केटिंग, पतंग... संक्रांतच जणू! रविवारी माउअरपार्कचा जुना बाजार. जिथे १९८९ पर्यंत भिंत आणि पहारेकरी होते, तिथे आता लोक जुनी जॅकेट्स विकतात. मी तिथून एक कढई घेतली. भाव अर्थातच करून!

आणि पॉट्सडॅम! सान्सूसी राजवाड्याची बाग फुकट बघता येते. फ्रेडरिक द ग्रेट गेला १७८६ मध्ये, पण लाडक्या कुत्र्यांशेजारी पुरण्याची त्याची इच्छा पूर्ण व्हायला १९९१ उजाडलं. त्याच्या थडग्यावर फुलांसोबत चक्क बटाटे! त्यानं लोकांना बटाटे लावायला भाग पाडलं, त्याची ही आठवण.

घरी मात्र मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. ‘अभ्यास चाललाय’ एवढंच. एकदा मैत्रिणीला पाठवायचा बोटीवरचा फोटो चुकून फॅमिली ग्रुपवर गेला. झालं! पाचच मिनिटांत बाबांचा फोन. मी आधीच सुरू केलं, “बाबा, पैसे नाही हो लागले, पास होता...”

“अगं, हिशेब कोण मागतंय?” बाबा म्हणाले. “दोन महिने तुझ्या आवाजाकडे लक्ष होतं आमचं. आई रात्री उठून बसायची. पोरगी एकटी खोलीत रडते की काय, म्हणून. आज फोटोत हसताना दिसलीस.”

मला काही बोलताच येईना. मी पैसे वाचवत होते आणि ते दोघं तिकडे झोप घालवत होते.

आता नियम ठरलाय. शनिवारी दहा युरोंच्या आत भटकायचं, डबा घरचा आणि रविवारी ग्रुपवर फोटो. तुमचंही कुणी बाहेर शिकत असेल, तर ‘जेवलीस का’च्या जोडीला ‘कुठे फिरलीस’ हेही विचारा हं!

येत्या शनिवारी पुन्हा पॉट्सडॅम. बाबांची ऑर्डर आहे, “त्या राजाला माझ्यातर्फेही एक बटाटा ठेव.”