अनुदान जनतेचे, खुर्च्या कोणाच्या?

1924 साली बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. तिच्या उद्दिष्टांत वसतिगृहांबरोबर वाचनालये काढणेही होते. ज्यांना अक्षरच नाकारले होते, त्यांच्यासाठी पुस्तक ही करमणूक नव्हती.

आज महाराष्ट्रातली शासनमान्य वाचनालये 1967 च्या कायद्यान्वये अनुदान घेतात. पैसा जनतेचा, पण कारभार संस्थेच्या कार्यकारिणीचा. आणि ती निवडतात वर्गणीदार सभासद. ज्याला वर्गणी परवडत नाही, त्याला मतही नाही! मग कित्येक गावांत अध्यक्षपद दोन-चार घरांतच फिरते आणि पुस्तकखरेदीही त्यांच्याच आवडीने होते. आमच्या वस्तीतली पोरे मोफत वर्तमानपत्र चाळून परततात. ग्रंथपाल तुटपुंज्या पगारावर राबतो, ते वेगळेच.

मद्रास प्रांताने 1948 साली मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसवला. आपल्या कायद्यात तो नाही.

आमची मागणी साधी आहे. अनुदान हवे, तर वस्तीतल्या वाचकांना विनावर्गणी सभासद करा, कार्यकारिणीत त्यांच्या जागा राखून ठेवा, खरेदीची यादी फलकावर लावा. यावर काहींना लगेच गुणवत्ता आठवेल. आजच्या अध्यक्षांनी कोणती परीक्षा दिली होती?