फासाला हंगाम नसतो

गेल्या वर्षी दसऱ्यानंतरची गोष्ट. पहाटेचे साडेचार वाजले होते आणि मी मांगरात जागलीवर बसले होते. बुरोंडीच्या वरच्या अंगाला आमचं गरवं भात अजून उभं होतं. दोन रात्रींपूर्वी रानडुकरांनी खालचे दोन कुणगे लोळवून टाकले होते. पायाशी पत्र्याचा डबा, मांडीवर बॅटरी. तेवढ्यात मोबाइल वाजला. मिशिगनहून भाच्याने फोटो पाठवला होता.

तिकडे तेव्हा संध्याकाळ होती. लालपिवळ्या झाडीत तो गुडघ्यांवर बसला होता आणि पुढ्यात एक भलंथोरलं हरीण आडवं होतं. शेजारी चाकं आणि दोऱ्या असलेलं आजकालचं धनुष्य. खाली लिहिलं होतं, ‘आत्या, तिसऱ्या वर्षी मिळालं!’

मी लिहिलं, ‘मादी नाही ना?’

माझे वडील पारधीहून परतले की आई दारातच हा प्रश्न विचारायची. पन्नास वर्षांनी तो माझ्या बोटांतून आपसूक उतरला.

‘नर आहे आत्या. शिंगं बघ की.’

रविवारी त्याने सगळं समजावून सांगितलं. मिशिगनमध्ये धनुष्याने हरीण मारायचा हंगाम १ ऑक्टोबरला सुरू होतो आणि बंदुकीचा १५ नोव्हेंबरला. त्यासाठी परवाना लागतो, आणि परवान्यावर मारता येतील तेवढीच हरणं मारायची. मारलेल्या जनावराची सरकारकडे नोंद करायची. मांस घरी खायचं किंवा कुणाला द्यायचं, विकायचं मात्र नाही. बाण टाकायचा तर हरीण वीस-तीस पावलांवर यावं लागतं. त्यासाठी तो झाडावरच्या मचाणावर तासन् तास हलत नाही. बंदुकीसारखा दस्ता असलेला क्रॉसबोही तिकडे चालतो. तो आधी ताणून ठेवता येतो, म्हणून वयस्कर माणसं तो वापरतात.

शेवटी तो म्हणाला, ‘तुमच्याकडेही असा हंगाम ठेवला तर शेतकऱ्याला मोकळं वाटेल. डुकरं आहेत, भेकरं आहेत, सांबरं आहेत. नियमाने मारू द्यावीत.’

तो मनापासून बोलत होता. त्यामुळे मीही वर्षभर त्यावर मनापासून विचार केला. माझं उत्तर असं आहे: हरणांच्या शिकारीचा हंगाम कोकणात नको. पण आज आमच्या बांधाबांधाला तारेच्या फासांचं जे चाललं आहे, तेही एक दिवससुद्धा चालू देता कामा नये.

हंगाम म्हणजे काय हे बुरोंडीला कुणी शिकवायला नको. आमचं बंदर मच्छीमारांचं. १ जून ते ३१ जुलै होड्या वर ओढलेल्या असतात. पावसाळ्यात मासळीला वाढू दिलं तर पुढे जाळ्यात काही येईल, हे इथल्या लहान पोरालाही कळतं. आणि नियम मोडला की काय होतं तेही आम्ही बघतो. समुद्रात एलईडीचे दिवे पाजळून मासळी गोळा करण्यावर केंद्र सरकारने २०१७ साली बंदी घातली, तरी पारंपरिक मच्छीमारांना आजही त्या उजेडाविरुद्ध ओरडावं लागतं. रानात तोच प्रकार गाडीच्या टपावरून चालतो. प्रखर झोत डोळ्यांवर पडला की भेकर जागच्या जागी थिजतं. त्याला मारायला ना कसब लागतं, ना धीर.

अमेरिकेचा हंगाम उभा राहिला तो हरणं संपत आली तेव्हा. मांसाच्या आणि कातड्याच्या बाजारासाठी इतकी हत्या झाली, की १९००च्या सुमारास त्या अख्ख्या देशात पांढऱ्या शेपटीची हरणं काही लाखांवर आली होती. त्याच वर्षी लेसी कायदा झाला आणि एका राज्यात बेकायदा मारलेलं जनावर दुसऱ्या राज्यात नेऊन विकणं गुन्हा ठरलं. १९३७ साली शिकारीच्या बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला गेला. १९७२च्या दुरुस्तीने धनुष्यबाणही त्या कराखाली आले. आज तिथे ही हरणं कोटींत आहेत. एकट्या मिशिगनमध्ये वर्षाला ५० हजारांहून अधिक गाड्या हरणांवर आदळतात. भाचा राहतो त्या भागातले लांडगे माणसाने केव्हाच संपवले. मग हरणं आवरणार कोण? लांडग्याची जागा तिथे माणसाने घेतली आहे.

आमच्याकडे ती जागा रिकामी नाही. तिथे वाघरू आहे. बिबट्याला आम्ही वाघरू म्हणतो. त्याचं रानातलं खाणं म्हणजे भेकर, डुकराची पिल्लं, वानर, ससा. भेकरं आम्ही मारून खाल्ली तर वाघरू उपाशी झोपणार नाही, ते वाडीत उतरेल. आधी कुत्री जातील, मग गोठ्यातली शेळी जाईल, आणि एक दिवस अंगणातल्या पोराला घरात ओढून दार लावायची पाळी येईल. बिबट्या वस्तीत शिरला म्हणून गावं ओरडतात, पण त्याच्या ताटातलं कुणी काढून घेतलं हे कुणी विचारत नाही.

दुसरं कारण ऋतूचं. तिकडच्या हरणांचा माजाचा काळ नोव्हेंबरात येतो आणि पाडसं मे-जूनमध्ये जन्मतात. ऑक्टोबरात बाण सुटतो तेव्हा पाडस चार-पाच महिन्यांचं झालेलं असतं, स्वतः चरत असतं. भेकराचं तसं नाही. ते बारा महिने वितं. व्यायल्यावर थोड्याच दिवसांत मादी पुन्हा गाभण राहू शकते. म्हणजे जिच्या पोटात किंवा पाठीशी पिल्लू नाही अशी भेकराची मादी कोणत्याही महिन्यात विरळाच सापडायची. हिला मारायचा निर्दोष हंगाम तुम्ही पंचांगात कुठे दाखवाल? आणि वीस-तीस पावलांवरचा बाणसुद्धा दर वेळी वर्मी लागत नाही. ब्रिटनमध्ये धनुष्याने हरीण मारणं गुन्हा आहे.

माझे वडील पारधीला जात. घरात ठासणीची बंदूक होती. हाकारा करायला वाडीतली वीसेक माणसं जायची. ज्याचा बार लागला त्याला मुंडी आणि एक फरा, बाकीचे वाटे सगळ्यांना सारखे. घरी बाळंतीण असेल त्या घराला वाटा आधी पोचायचा. मी ते मटण खाल्लं आहे, हे लपवत नाही. पण मला त्यातलं शहाणपण वाढवून सांगायचंही नाही. मादी मारू नये असं सगळे म्हणत, तरी आईला दर वेळी तो प्रश्न विचारावा लागे. कारण हाकाऱ्यात पळणाऱ्या जनावराचं लिंग बघायला थांबतो कोण? मी दहा वर्षांची होते तेव्हा १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. तेव्हाही परवान्याने शिकारीची वाट त्यात होती. १९९१च्या दुरुस्तीने ती बंद झाली. वडील चिडले होते. मला तेव्हा त्यांचं पटलं होतं, आता कायद्याचं पटतं.

हे पटायला एक रात्र कारण झाली.

२०१३च्या कापणीआधी डुकरांनी आम्हाला रडवलं होतं. गडी म्हणाला, ‘वैनी, खालच्या बांधाला दोन फासक्या लावू काय?’ मी लाव म्हटलं नाही, पण नकोही म्हटलं नाही. तिसऱ्या रात्री अकराच्या सुमारास खालून बकरीसारखा ओरडा आला. एकदा, दोनदा, मग पुष्कळ वेळ. मला वाटलं, वाघराने काहीतरी धरलं. मी मांगराचं दार आतून लावून घेतलं.

उजाडल्यावर खाली गेलो. मोटारसायकलच्या क्लचच्या तारेचा फास होता आणि भेकराची मादी मागच्या पायाने अडकली होती. तार पुरेल तेवढ्या गोलात जमीन खरवडून निघाली होती. झाडलेल्या खळ्यासारखी, गवताची एक काडी उरली नव्हती. तार हाडापर्यंत रुतली होती. मादी मेली होती, पण अंग अजून गरम होतं. कास दुधाने भरलेली होती. पाडस आम्हाला दिसलं नाही. गड्याने मान खाली घातली आणि मीही.

भाच्याचं हरीण बाण लागल्यापासून किती वेळात गेलं ते त्याने मला सांगितलं होतं. ही मादी किती वेळात गेली ते मी दाराआड बसून ऐकलं होतं.

फासाला डुक्कर आणि भेकर यांतला फरक कळत नाही. नर-मादी कळत नाही, कोणता महिना चालू आहे तेही कळत नाही. तार लावणारा विसरला तरी तार विसरत नाही. डुकरासाठी लावलेल्या अशाच फासक्यांत आमच्या जिल्ह्यात बिबटे अडकतात, कमरेत तार घेऊन तडफडतात. कायद्याच्या भाषेत फास लावणं हीसुद्धा शिकारच आहे, जनावर सापडो न सापडो. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, आणि बिबट्या मेला तर तीन ते सात वर्षं कैद. गावात हे कुणाला माहीत नाही असं नाही.

तरी माणूस तार का लावतो? कारण त्याच्यापुढे दुसरी उघडी वाट ठेवलेली नाही. डुकरं वाढली ती आम्हीच गाव सोडून गेलो म्हणून. वरकस पडीक पडलं. जिथे नाचणी-वरी पिकायची तिथे पुरुषभर रान माजलं आणि ते घराच्या पडवीला येऊन टेकलं. मुंबईला गेलेल्यांच्या जमिनीत डुकरांचा मुक्काम आणि मागे राहिलेल्यांच्या जमिनीत त्यांचं जेवण. रानडुकरीण एका वेताला चार-सहा पिल्लं घालते. म्हातारा-म्हातारी डबे वाजवून किती रात्री काढणार?

राज्य सरकारने २०१५ साली शेतात घुसणारी रानडुकरं आणि रोही मारायला वनक्षेत्रपालाची परवानगी मिळायची सोय केली. पण कागद मिळाला तरी डुक्कर मारायचं कशाने? शेतीसंरक्षणाच्या बंदुका गावात मोजक्या, धरणारे हात थकलेले. शिवाय निवडणूक लागली की बहुतेक बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात. २००९, २०१४ आणि २०१९च्या विधानसभा निवडणुका ऑक्टोबरात झाल्या आणि २०२४ची नोव्हेंबरात. म्हणजे नेमकं भात कापणीला येतं तेव्हाच. नुकसानभरपाईचंही तेच. मी एकदा अर्ज केला. फोटो, सातबारा, पासबुकाची प्रत, सगळं दिलं. पंचनाम्याला माणूस आला तोवर उरलेलं भात कापून, झोडपून, मळणी होऊन गेलं होतं. ‘नुकसान दाखवा,’ तो म्हणाला. शेजाऱ्याने त्या वर्षी अर्जच केला नाही. त्याने वायर घेतली. कुणी कुंपणात वीज सोडतो, आणि अशा कुंपणांना चिकटून माणसंही मेली आहेत.

आणि पकडला कोण जातो? बऱ्याचदा कातकरी. ज्यांचं पोट पिढ्यान् पिढ्या रानावर होतं, त्यांना २००६च्या वनहक्क कायद्याने बरेच हक्क दिले, पण शिकारीचा परंपरागत हक्क त्यातून स्पष्ट वगळला. ते मी समजू शकते. मला सलतं ते दुसरंच. पाठीवर ओझं वाहणारा सापडतो, आणि किलोच्या भावाने भेकराचं मटण सांगून ठेवणारा गाडीवाला कधी सापडत नाही. अमेरिकेत हरणं वाचली ती आधी बाजार मोडला म्हणून. भाच्याच्या देशाकडून काही घ्यायचंच असेल तर आपण ते घ्यावं. गिऱ्हाईकाला पकडा, फासक्या निम्म्या होतील.

बाकीचं मागणं साधं आहे. पंचनामा भात शेतात असताना व्हावा आणि पैसे पुढच्या पेरणीच्या आत मिळावेत. डुकरं कमी करायचीच असतील तर वनखात्याने शिकवलेल्या माणसांचं पथक आणावं, कुठे किती मारली ते ग्रामसभेत वाचून दाखवावं. शेतकऱ्याच्या हातात परवानगीचा कागद कोंबून मोकळं होऊ नये. सौरकुंपण एकेकट्याला परवडत नाही, कारण आमची जमीन तुकड्यातुकड्यांची. ते अख्ख्या खलाटीला मिळून द्यावं. आणि प्रत्येक गावाने कापणीआधी एक दिवस बांध फिरून तारा काढाव्यात.

बुरोंडीच्या चढावर परशुरामाचा पुतळा आहे. पर्यटक गाडी थांबवून फोटो काढतात. त्याने बाण मारला, समुद्र मागे हटला आणि कोकण वर आलं, अशी कथा आम्ही लहानपणापासून ऐकतो. त्या जमिनीवर पहिला पाय कुणी ठेवला ते कथेत नाही. माझी समजूत अशी, की आमच्या आधी भेकर आलं असणार.

यंदा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सात घरांची माणसं खलाटीचे बांध फिरलो. कुणी कुणाला नाव विचारायचं नाही एवढंच ठरलं होतं. दुपारपर्यंत पोत्यात अकरा तारा जमल्या. त्यांतल्या दोन गंजलेल्या होत्या. त्या कुणी लावल्या हे लावणाराही विसरला असेल, पण फास अजून सरकत होता. पोतं आम्ही वनरक्षकाच्या हातात दिलं.

चौथ्या रात्री डुकरं आली. माझा एक कुणगा गेला, शेजारणीचे दोन गेले. सकाळीच आम्ही दोघींनी अर्ज दिले. भात अजून कापलेलं नाही, पंचनाम्यासाठी तसंच ठेवलं आहे. तारा काढलेल्या सातही घरांचं पीक आज उघड्यावर आहे. आमचा शब्द आम्ही पाळला, आता सरकारने यावं. कारण पुढच्या वर्षी गडी मला पुन्हा तेच विचारील, आणि तेव्हा मला ठामपणे नको म्हणता आलं पाहिजे.