ग्रंथ पोत्यात का जातात?



दरवर्षी चैत्यभूमी आणि दीक्षाभूमीवरून आपण पिशव्या भरभरून ग्रंथ आणतो. पण ते ठेवतो कुठे? आमच्या वस्तीतल्या विहारात देणगीत मिळालेले भुश्याच्या बोर्डाचे कपाट होते. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रकाशित केलेले बाबासाहेबांचे जाडजूड खंड त्यावर मांडले. दुसऱ्या पावसाळ्यात फळी मधोमध मोडली आणि ग्रंथ पोत्यात गेले. पोत्यातला ग्रंथ कोण वाचणार?

दोष सुताराचा नाही, आपला आहे. डीजेसाठी वर्गणी निघते, फळीसाठी निघत नाही.

हिशेब साधा आहे. जाड ग्रंथांनी भरलेल्या तीन फुटी फळीवर सुमारे ३० किलो भार येतो. दोन आधारांतले अंतर निम्मे केले, तर फळीचा बाक सोळाव्या हिश्श्यावर येतो. म्हणून १९ मिमी प्लायवूड घ्या, दर दोन फुटांवर उभा आधार द्या, पुढच्या कडेखाली दोन इंची लाकडी पट्टी ठोका. जड खंड तळाच्या कप्प्यात ठेवा. विहारात मुले खेळतात, तेव्हा कपाट वरच्या बाजूला लोखंडी अँगलने भिंतीला पक्के करा. ओलीची भिंत टाळा, नाहीतर वाळवी आधी वाचेल! पैसे कमी असतील तर लोखंडी रॅक घ्या.

बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधले, ते ग्रंथांचा विचार करूनच. आपण निदान एक न वाकणारी फळी उभारू. येत्या १४ एप्रिलच्या वर्गणीतला पहिला खर्च तोच असावा.