परदेशी जाण्याआधी घरचे कागद पाहा

हबीबगंज, अरेरा कॉलनी, शाहपुरा, भेल या भागांत आपली मराठी घरे दोन-तीन पिढ्यांपासून आहेत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला आली आणि नागपूर, ग्वाल्हेर, इंदूरकडची कितीतरी मराठी कुटुंबे सरकारी नोकरीच्या निमित्ताने येथे स्थिरावली. पुढे भेलच्या कारखान्यानेही अनेकांना आणले. या मंडळींनी सरकारच्या फायली चोख ठेवल्या. पण त्याच घरांतली आजची ज्येष्ठ पिढी मुलाकडे अमेरिकेला किंवा मुलीकडे दुबईला निघते, तेव्हा पहिली अडचण येते ती स्वतःच्या कागदांचीच.

हा प्रत्येक घराचा खासगी प्रश्न आहे, असे आपण धरून चाललो आहोत. आमच्या मते तो समाजाचा प्रश्न आहे, आणि काही अंशी राजकीयही.

सर्वात आधी नावाचे पाहू. मराठी 'ज्ञानेश्वर' इंग्रजीत 'डी-एन-वाय'ने सुरू होतो, हिंदी शाळेत शिकलेल्याचा 'जी-वाय'ने. 'ऋतुजा' आपल्याकडे 'रु', येथील अंकसूचीत 'रि'. हृषीकेशची तर तीन-चार रूपे सापडतात. शाळेच्या दाखल्यात 'वसंतराव' आणि आधारकार्डावर नुसते 'वसंत'. पेन्शनच्या कागदावर 'सुमनबाई' आणि बँकेत 'सुमन'. महाराष्ट्राच्या पद्धतीने मधले नाव वडिलांचे किंवा पतीचे. मध्य प्रदेशातल्या बऱ्याच कागदांवर मधले नावच नाही. त्यात आपल्या जुन्या घरांत लग्नात मुलीचे पहिले नावसुद्धा बदलण्याची रीत होती. माहेरच्या अंकसूचीवरची कुसुम आणि सासरच्या शिधापत्रिकेवरची वैशाली या एकच बाई आहेत, हे सत्तरीच्या आजीने आता शपथपत्र करून सिद्ध करायचे!

पासपोर्टवरचे नाव, व्हिसाच्या अर्जातले नाव आणि विमानाच्या तिकिटावरचे नाव अक्षरशः जुळावे लागते. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर आणखी पंचाईत. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये एकच नाव असलेल्या प्रवाशांना पर्यटक आणि भेटीच्या व्हिसावर प्रवेश नाकारण्याचा नियम केला. पुढे पासपोर्टच्या शेवटच्या पानावर वडिलांचे किंवा कुटुंबाचे नाव असल्यास चालेल अशी सवलत मिळाली. पण ही माहिती विमानतळावर कळून काय उपयोग?

दुसरी गोष्ट मुदतीची. पासपोर्ट अजून चार महिने चालणार आहे म्हणून निश्चिंत राहू नये. अनेक देश प्रवेशाच्या दिवसापासून सहा महिने मुदत शिल्लक मागतात. तेव्हा नूतनीकरण वर्षभर आधीच करावे. अर्ज केल्यावर पोलिस तपासणी होते. आपला पत्ता हबीबगंज ठाण्याच्या हद्दीत असो वा दुसऱ्या, त्या काळात घरी थांबावे आणि मूळ कागद हाताशी ठेवावेत.

व्हिसाची मुदत आणि राहण्याची मुदत यांतही आपल्याकडे हमखास गोंधळ होतो. अमेरिकेचा पर्यटक व्हिसा दहा वर्षांचा मिळाला, तरी एका वेळी किती राहायचे हे तिथल्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो; बहुधा सहा महिने. ती तारीख उतरल्यावर इंटरनेटवर पाहून लिहून ठेवावी. नातवाचे बारसे लांबले म्हणून तारीख ओलांडली, तर पुढचे दरवाजे बंद होऊ शकतात. युरोपातील शेंगेन देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. त्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमाही सक्तीचा आहे. अमेरिकेत तशी सक्ती नाही, पण विम्यावाचून तिकडे जाणे म्हणजे मुलाच्या डोक्यावर कर्ज ठेवणे. विमा घेताना मधुमेह, रक्तदाब हे आधीपासूनचे आजार त्यात धरले आहेत का, हे लेखी विचारावे. स्वस्त पॉलिसीत नेमके तेच वगळलेले असतात.

आता सामानाचे. दिवाळीला मुलीकडे अनारसे न्यावेत असे कोणत्या आईला वाटणार नाही? आणि अनारसा म्हटला की खसखस आलीच. ती येते आपल्याच मंदसौर-नीमचकडून. अफूची लागवड तिथे सरकारी परवान्याने होते आणि खसखस हे त्याच झाडाचे बी. पण संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया आणि सिंगापूर येथे खसखस नेण्यास बंदी आहे. आखाती देशांत तर तिची गणना अमली पदार्थांत होते आणि पुडी सापडली तर प्रकरण तुरुंगापर्यंत जाते. ऑस्ट्रेलियात दुधाच्या मिठाईला आडकाठी आहे. बर्फी-पेढे नेऊ नयेत, आणि जे खाण्याचे नेले असेल ते उतरताना फॉर्मवर लिहावे. लिहून दिलेला पदार्थ फार तर काढून घेतात. लपवलेल्यावर मात्र दंड होतो.

औषधांचेही तसेच. येथे मिळणारी कोडीन असलेली खोकल्याची औषधे किंवा ट्रॅमाडॉलच्या गोळ्या आखातात नियंत्रित यादीत आहेत. नेणे भागच असेल तर तिथल्या आरोग्य खात्याची परवानगी आधी घ्यावी. बाकी गोळ्या मूळ पाकिटात न्याव्यात आणि डॉक्टरांकडून चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे. आपल्या कंपन्यांची नावे तिकडच्या डॉक्टरला माहीत नसतात.

दुसऱ्याचे पुडके तर कधीच नेऊ नये. मुंबईचे एक तरुण जोडपे २०१९ मध्ये दोहा येथे पकडले गेले. नात्यातल्या बाईने सोबत दिलेल्या पुडक्यात चरस निघाले. दहा वर्षांची शिक्षा झाली, त्यांची मुलगी तुरुंगात जन्मली. पुढे फसवणूक सिद्ध झाली आणि २०२१ मध्ये ते निर्दोष सुटून परतले. नात्यातल्या माणसाच्या बाबतीत हे झाले. मग 'आमच्या ओळखीच्यांना एवढे द्या' म्हणणाऱ्याला नाही म्हणायला आपण का संकोचावे?

तरुणांना वेगळा इशारा हवा. थायलंडमध्ये संगणकाची नोकरी, मोठा पगार, तिकीट फुकट, अशा आमिषाने गेलेल्या मुलांना म्यानमारमध्ये नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर राबवले गेले. परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्येच याबद्दल सावध केले होते. तरीही मार्च २०२५ मध्ये पाचशेहून अधिक भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले. पर्यटक म्हणून मिळालेल्या प्रवेशावर कुठेही नोकरी करता येत नाही, एवढे एक वाक्य घरोघरी पाठ असले तरी पुष्कळ अनर्थ टळतील. नोकरी लावून देणारा दलाल सरकारच्या ई-मायग्रेट यादीत नोंदलेला आहे का, हे पैसे देण्याआधी पाहावे. परदेशी पोचल्यावर भारतीय दूतावासात नाव नोंदवावे आणि त्यांचा दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून खिशात ठेवावा. मोबाईल हरवला तर मोबाईलमधला क्रमांकही हरवतो.

कोणी म्हणेल, हे सगळे मुले संगणकावर करतात, मंडळाने यात का पडावे? मुले अर्ज भरतात हे खरे. पण १९६० सालच्या दाखल्यातले अक्षर मुलाला अमेरिकेत बसून दुरुस्त करता येत नाही. त्यासाठी नोटरी, वर्तमानपत्रातील जाहिरात, राजपत्र आणि खिडक्यांच्या रांगा हे सारे येथे, म्हाताऱ्या माणसालाच करावे लागते. नोव्हेंबर २०२१ मध्ये आपल्या हबीबगंज स्टेशनचे नाव राणी कमलापती झाले. पाट्या, तिकिटे, कोड सारे झपाट्याने बदलले. सरकारने मनावर घेतले की नाव बदलता येते, हे आपण डोळ्यांनी पाहिले. मग स्टेशनच्या नावाला लागलेली तत्परता नागरिकाच्या नावातल्या एका अक्षराला का मिळू नये?

म्हणून आमच्या तीन मागण्या आहेत. पहिली, भोपाळच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाने नावांतील फरकांसाठी ज्येष्ठांची वेगळी पासपोर्ट अदालत ठराविक काळाने भरवावी. दुसरी, ज्ञ, ऋ, राव, बाई यांसारखे फरक हे भाषेचे आहेत, ओळखीचे नव्हेत, हे मान्य करून एका शपथपत्रावर दुरुस्ती व्हावी. तिसरी, परदेशी नोकरीची जाहिरात करणाऱ्या शहरातील दलालांची तपासणी पोलिसांनी तक्रार येण्याची वाट न पाहता करावी. मत मागायला कोणत्याही पक्षाचा उमेदवार दारी आला, तरी त्याला हे तीन प्रश्न विचारावेत. मराठी मतांची आठवण गणेशोत्सवाच्या मांडवापुरतीच राहू नये, असे वाटत असेल तर मागणीही आपल्यालाच करावी लागेल.

आणि तोवर आपले काम आपण करू. येत्या रविवारी कपाटातली जुनी पिशवी काढावी, घरातल्या प्रत्येकाचा दाखला, आधार आणि पासपोर्ट शेजारी शेजारी मांडावा आणि नावे अक्षर लावून वाचावीत. फरक दिसला तर मंडळाला कळवावे. एकट्याच्या अर्जापेक्षा पन्नास कुटुंबांच्या निवेदनाला वजन अधिक असते, हे सरकारी कचेऱ्यांत आयुष्य घालवलेल्या आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.