थट्टेची ही हौस कशासाठी?

बालाघाट जिल्ह्यातील लामता या गावाचे नाव आमच्या वाचकांपैकी फारच थोड्यांच्या कानी पडले असेल. गोंदियाहून जबलपुराकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, बालाघाट मागे टाकल्यावर ते लागते. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले आणि हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला; परंतु सोयरिकींनी ती सीमा कधी मानली नाही. अशाच एका सोयरिकीच्या लग्नास आम्ही तेथे गेलो होतो. मांडवातील बोलणे बहुतेक हिंदी. वरात निघाली आणि ध्वनिक्षेपकावर लागले ते मात्र मराठी गाणे: 'गुलाबी साडी'. पोरे नाचत होती आणि सगळे शब्द त्यांस मुखोद्गत होते. आमच्या शेजारी एक वयोवृद्ध गृहस्थ बसले होते, मूळचे आपल्याच किनारपट्टीचे. कपाळास आठ्या घालून ते म्हणाले, "ह्याला का गाणे म्हणायचे? आणि हे ध्यान का गायक?" भोवतालची मंडळी हसली. आम्हीही हसलो. त्या हसण्याविषयीच आज लिहावयाचे आहे.

हे गाणे 2024 साली निघाले. ते लिहिणारा आणि गाणारा संजू राठोड हा जळगाव जिल्ह्यातील, बंजारा समाजातील तरुण. गाणे थोर आहे असा आमचा दावा नाही. त्याची चाल आम्हांस तोकडी वाटते आणि तोच ठेका चार वेळा ऐकल्यावर कान विटतात. परंतु मराठीच्या भवितव्यावर आम्ही जे ठराव करीत आलो, त्यांतील एकही लामत्याच्या वरातीपर्यंत पोहोचलेला आमच्या पाहण्यात नाही. हे गाणे मात्र तेथे पोहोचले. त्याच वर्षी क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकर या दोघांचे 'तांबडी चामडी' हॉलंडातील स्पिनिन या कंपनीने प्रसिद्ध केले आणि मराठी शब्द परदेशी नृत्यगृहांत जाऊन पोहोचले. यांवर टीका अवश्य व्हावी. पण त्या वृद्ध गृहस्थांनी चालीवर किंवा शब्दांवर एक अक्षर काढले नव्हते. त्यांचे बोट होते ते पोराच्या 'ध्याना'वर.

इतर ठिकाणीही हेच दिसते. पुण्याच्या ताडीवाला रस्त्यावरील वस्तीत वाढलेला एम. सी. स्टॅन हा तरुण फेब्रुवारी 2023 मध्ये 'बिग बॉस' या दूरचित्रवाणी कार्यक्रमात विजयी झाला. आपल्या अमरावतीचा शिव ठाकरे दुसरा आला. स्टॅनच्या बोलण्याची, केसांची आणि गळ्यातील साखळ्यांची जी टवाळी झाली, तीत संगीताविषयी किती होते आणि वस्तीविषयी किती, याचा ज्याने त्याने प्रामाणिकपणे हिशेब करावा. पुढच्याच महिन्यात इंदुरास त्याचा कार्यक्रम चालू असता काही मंडळी मंचावर चढली आणि तो कार्यक्रम बंद पडला. कारण दिले गेले अश्लील शब्दांचे.

अश्लीलतेचे समर्थन आम्ही करणार नाही. ज्यांस ते शब्द खटकतात त्यांनी तसे स्पष्ट लिहावे, कार्यक्रमास जाऊ नये, आपल्या उत्सवास असा गायक बोलावू नये. हे सर्व अधिकार त्यांचे आहेत. मात्र शिमग्यात आपल्या गावोगावी जे शब्द होळीभोवती उच्चारले जातात, ते ऐकून कोणी होळी विझविल्याचे आम्ही पाहिलेले नाही. तेथे परंपरा म्हणून जे चालते तेच वस्तीतील पोराच्या तोंडी आले की संस्कृती बुडते, ही तऱ्हा अजब खरी.

आणि इंदूर! 28 सप्टेंबर 1929 रोजी लता मंगेशकर जन्मल्या त्या याच शहरात. त्यांचे वडील मास्टर दीनानाथ हे मंगेशीच्या देवळात सेवा करणाऱ्या येसूबाईंचे पुत्र. येसूबाईंसारख्या गायिकांस आमच्या पूर्वजांनी कोणत्या नावाने हाक मारली आणि कोणत्या पंक्तीस बसविले, हे गोमंतकातील वाचकांस आम्ही नव्याने सांगावयास नको. केरीच्या केसरबाईंची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली. आज त्यांचे नाव निघताच आमची छाती फुगते. कुर्डीच्या मोगूबाईंना 1974 साली पद्मभूषण मिळाले. पण त्याच मोगूबाईंबरोबर लहानपणी दौऱ्यांवर गेलेल्या किशोरी आमोणकर पुढे थोर गायिका झाल्यावरही आपल्या आईस मिळालेल्या वागणुकीची कथा सांगत राहिल्या. ती गाण्याच्या दर्जाची कथा नव्हती. प्रवास कशाने करावयाचा, उतरावयाचे कोठे, बिदागी किती आणि ती कोणत्या हाताने द्यावयाची, याची ती कथा होती.

वाद्यांचीही तीच गत. आज आमच्या आरत्या आणि भजने जिच्यावाचून अडतात त्या पेटीला आकाशवाणीवर 1940 पासून 1971 पर्यंत मज्जाव होता. चित्रपटगीते रसातळास नेतील म्हणून ती नभोवाणीवरून हटविणारे मंत्री बाळकृष्ण केसकर हे मराठीच होते. श्रोत्यांनी सिलोन लावले, आणि 1957 साली 'विविध भारती' काढावीच लागली. ज्या गीतांविषयी तेव्हा नाके मुरडली गेली, तीच आज आम्ही 'जुने ते सोने' म्हणून नातवंडांस ऐकवितो.

याचा अर्थ संजू राठोड उद्याचा दीनानाथ ठरेल असा कोणी काढू नये. बहुधा ठरणार नाही. शंभरांतील नव्याण्णव विसरले जातात. मग त्यांस मान कशासाठी, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की कलावंत थोर ठरल्यावर त्यास मान देणे यात काही विशेष नाही, ते सर्वच करतात. मोगूबाईंना जे हवे होते ते पद्मभूषणाच्या पुष्कळ आधी हवे होते.

दोन वर्षांपूर्वी एका देवस्थानाच्या जत्रेत (नाव सांगण्याचे प्रयोजन नाही) रात्री तरुणांचे वाद्यवृंद पथक होते. त्यांस देवस्थानाने पत्र धाडून बोलाविले होते. सूत्रसंचालकाने गायकाच्या रंगविलेल्या केसांवर तीन वेळा विनोद केला आणि त्याचे नाव मात्र चुकीचे उच्चारले. महाजनांची मंडळी पुढच्या खुर्च्यांवर बसून हसत होती, आणि मध्यंतरात त्यांतील दोघांनी त्याच पोराकडे आपल्या आवडीच्या गाण्याची फर्माईश धाडली. महाप्रसादाच्या वेळी पथकातील मुले मांडवाबाहेर वाद्यांच्या पेट्यांवर बसून होती. त्यांस आत बोलाविण्याचे कोणास सुचले नाही. ठरलेल्या रकमेतून पाचशे रुपये कमी का, असे ढोलकीवाल्याने विचारले तेव्हा "देवाच्या दारी हिशेब करतात काय?" असे उत्तर मिळाले. आम्ही तेथेच उभे होतो आणि काही बोललो नाही.

यंदाच्या जत्रांच्या याद्या आता होऊ लागतील. ज्यांस हे संगीत देवळापुढे नको असेल त्या समित्यांनी तसा ठराव खुशाल करावा, आम्ही त्यांस दोष देणार नाही. ज्यांनी बोलाविले त्यांनी मुलांचे नाव विचारून घ्यावे, ते नीट उच्चारावे, बिदागी पाकिटात घालून कार्यक्रमापूर्वी द्यावी, आणि पंक्तीत पाने मांडताना त्यांची पाने मोजावीत.