शाळांची ग्रंथालये डिजिटल. ग्रंथपालाचे पद मात्र अधांतरी

नवी दिल्ली : प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, तेथे वृत्तपत्रे, नियतकालिके, सर्व विषयांची आणि गोष्टींची पुस्तके असावीत, असे शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा आपल्या अनुसूचीत सांगतो. त्याच अनुसूचीत शिक्षकांचे प्रमाण आहे, कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकांची तरतूदही आहे. ग्रंथपालाचा उल्लेख मात्र कोठेही नाही. शाळांमध्ये डिजिटल साधने झपाट्याने येत असताना ही जुनी उणीव आता अधिक महाग पडू लागली आहे.

साधनांचा पुरवठा कमी नाही. ‘दीक्षा’ हे व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झाले. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले भारतीय राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ मध्ये देशाला अर्पण करण्यात आले. बालक व किशोरवयीनांसाठी स्वतंत्र डिजिटल ग्रंथालयाची घोषणा २०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली आणि राष्ट्रीय पुस्तक न्यासामार्फत ‘राष्ट्रीय ई-पुस्तकालय’ आकाराला आले. यूडायस प्लसच्या २०२४-२५ च्या अहवालानुसार देशातील ६३.५ टक्के शाळांत इंटरनेट आहे. आदल्या वर्षी हे प्रमाण ५३.९ टक्के होते. म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक शाळा अद्याप जोडणीबाहेर असल्या, तरी वेग लक्षणीय आहे. प्रश्न आहे तो या साऱ्यातून मुलाच्या हाती नेमके काय पडते, आणि ते कोण ठरवते, हा.

जेथे पद आहे, तेथे उत्तर दिसते. केंद्रीय विद्यालयांत ग्रंथपालाचे नियमित पद असते. तेथील अनेक ग्रंथपालांनी मोफत उपलब्ध असलेल्या ब्लॉग-सुविधेवर आपापल्या शाळेचे ग्रंथालय-पान उभे केले आहे. जुन्या प्रश्नपत्रिका, एनसीईआरटीची ई-पुस्तके, नव्या पुस्तकांची ओळख, वाचन-प्रश्नमंजूषा असा ऐवज त्यावर असतो. त्यामागे मोठी गुंतवणूक नव्हती. रोज तेवढेच काम पाहणारा एक माणूस होता.

सॉफ्टवेअरचेही असेच. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’ प्रणाली आणि न्यूझीलंडमध्ये तयार झालेली मुक्तस्रोत ‘कोहा’ या दोन्ही शाळांना वापरता येतात. कोहा या माओरी शब्दाचा अर्थ ‘भेट’. परवान्याचे पैसे लागत नाहीत हे खरे, पण सर्व्हर चालता ठेवणे, नोंदींची सुरक्षित प्रत राखणे, बारकोड चिकटवणे आणि जुन्या दाखल नोंदवहीतील हजारो पुस्तके एकेक करून संगणकात उतरवणे, ही कामे भेटीत येत नाहीत.

मराठीसारख्या भाषेत तर हे उतरवणे आणखी किचकट होते. एकाच लेखकाचे नाव एका नोंदीत देवनागरीत, दुसऱ्या नोंदीत रोमन लिपीत असेल, कोठे आडनाव आधी तर कोठे नंतर असेल, ह्रस्व-दीर्घ बदलले असेल, तर संगणकाच्या लेखी ते वेगवेगळे लेखक ठरतात. विद्यार्थी शोध घेतो, पडद्यावर काहीच येत नाही आणि पुस्तक कपाटातच राहते. जुन्या, युनिकोडपूर्व टंकांत तयार झालेल्या मराठी पीडीएफची अडचणही तीच. डोळ्यांना अक्षरे दिसतात, शोधयंत्राला ती वाचता येत नाहीत. नोंदींची एकसारखी पद्धत ठरवून ती चिकाटीने पाळणे हे प्रशिक्षित ग्रंथपालाचे जुनेच कौशल्य आहे. संगणकामुळे त्याची गरज वाढली आहे, कमी झालेली नाही.

निवडीचे कामही वाढले आहे. मराठी विश्वकोश संकेतस्थळावर खुला आहे, राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक प्रकाशने मोफत मिळतात आणि बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक डिजिटल स्वरूपात पाहता येतात. बडोदा, इंदूर किंवा बेळगावातील मराठी कुटुंबांतल्या मुलांसाठी तर हा मोठाच ठेवा. पण सातवीतले मूल आपणहून तिथवर पोहोचत नाही. ते शोधयंत्राने पहिले दाखवलेले पान उघडते, किंवा आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला विचारते. ही साधने प्रसंगी अस्तित्वातच नसलेली पुस्तके आणि लेखक खात्रीने सांगतात. असे शीर्षक घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला ते खरे की खोटे हे तपासायचे कसे, हे शिकवणारी शाळेतील स्वाभाविक जागा ग्रंथालयच आहे.

आणखी एक जबाबदारी फारशी चर्चिली जात नाही. कोणते मूल काय वाचते, याची नोंद आता सॉफ्टवेअरमध्ये साठते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील सर्वांना बालक मानले असून त्यांच्या माहितीसाठी, काही अपवाद वगळता, पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक केली आहे. खासगी कंपनीचे वाचन-अॅप घेताना शाळेच्या वतीने हा प्रश्न विचारणारे कोणी असणे गरजेचे आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ही गरज ओळखली होती. ग्रंथालये जिवंत ठेवायची तर पुरेसे कर्मचारी, त्यांना बढतीच्या वाटा आणि निरंतर प्रशिक्षण हवे, असे त्यात नमूद आहे. प्रत्यक्षात समग्र शिक्षा अभियानातून शाळेला तिच्या स्तरानुसार वर्षाला ५ हजार ते २० हजार रुपयांचे ग्रंथालय अनुदान मिळते, आणि ते पुस्तकांसाठी असते. महाराष्ट्रात माध्यमिक शाळांतील ग्रंथपालपद विद्यार्थिसंख्येवर ठरते. अर्धवेळ ग्रंथपालांची पूर्णवेळ करण्याची मागणी वर्षानुवर्षे सुरू आहे. पटसंख्या घटली की पदही डळमळते. प्राथमिक शाळांत तर ग्रंथालयाची किल्ली बहुधा एखाद्या शिक्षकाकडे असते आणि तो ती तासांच्या मधल्या वेळेत वापरतो.

सर्वच शाळांना स्वतंत्र पद देणे राज्यांना परवडणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. मात्र केंद्रशाळेच्या स्तरावर एक प्रशिक्षित ग्रंथपाल नेमून आसपासच्या शाळांच्या नोंदी, ई-साहित्याची निवड आणि शिक्षकांचे मार्गदर्शन त्याच्याकडे सोपवणे अशक्य नाही. शाळासमूहांची कल्पना राष्ट्रीय धोरणातच मांडलेली आहे. राज्यांच्या पुढील वार्षिक आराखड्यांत संगणक आणि जोडणीच्या रकान्याशेजारी या मनुष्यबळासाठी रक्कम दाखवली जाते का, हे आता पाहावे लागेल.